धुक्यातली हाक

मी हाक मारली तेव्हा काठावरच्या बायका हसत होत्या. हाक पोचली आणि हसणं थांबलं.

मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, ऐकलं त्यांनी, आता कुणीतरी ओ देईल. मांडीपर्यंत चिखलात रुतलेली मी हातातली पाटी छातीशी धरून वाट बघत राहिले. चारी बाजूंनी धुकं इतकं दाट होतं की माझाच हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. काठ कुठल्या अंगाला आहे ते त्या हसण्यावरून पक्कं कळलं होतं, आणि आता तेही बंद झालं. ना ओ, ना "कोण गो?" ना कुजबुज. एवढ्या बायका एकाच वेळी गप्प बसतात त्या भीतीनं, हे मला वर्षभरात कळून चुकलं होतं. तरी मी पुन्हा हाक मारली. तेव्हा कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "कान झाका गो बायांनो. ती हाक मारता."

माझी तिथल्या तिथे पाचावर धारण बसली.

हे सगळं समजायला थोडं मागं जायला हवं. माझं माहेर माण तालुक्यातलं. तिथं पाणी बघायचं तर विहिरीत वाकून बघावं लागे. लग्न होऊन मी आले ती थेट मालवणाकडच्या एका खाडीकाठच्या वाडीत. नवरा जहाजावर नोकरीला. हळद उतरायच्या आत तो गेला आणि घरात उरलो मी आणि मामंजी. मामंजी माणूस वाईट नव्हते, पण दिवसभरात त्यांच्या तोंडून दोनच शब्द निघत, "सूनबाई, पेज" आणि "सूनबाई, दार". सासऱ्यासमोर सुनेनं मोठ्यानं बोलायचं नाही, ही शिकवण मी माहेरूनच घेऊन आले होते. मग मोठ्यानं बोलायचं कुणाशी? माझा मोठा आवाज त्या वाडीनं कधी ऐकलाच नव्हता. लग्नात ताटातल्या तांदळांवर माझं नाव सुहासिनी असं लिहिलं, त्या नावानंही मला कुणी हाक मारली नाही. वाडीतल्या बायका मला "घाटावयली" म्हणायच्या. तोंडावरसुद्धा. रागानं नव्हे, पण प्रेमानंही नव्हे.

माझ्याशी बोलणारी एकच होती, गुणवंती. माझ्यापेक्षा बरीच मोठी, नवऱ्यानं टाकल्यावर माहेरी परतून वाडीच्या टोकाला एकटी राहणारी. तिला सगळे गुणाबाय म्हणत, मी गुणाताई म्हणायची. ती माझी जोडीण झाली, कारण तिला दुसरी कुणी घेत नव्हती आणि मलाही.

जोडीण म्हणजे काय, तेही सांगते. ओहोटीला खाडी मागं सरते आणि तिवरांच्या झाडीपलीकडे मोठं खाजण उघडं पडतं. त्या चिखलात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मिळतात. बायका ते काम दोघीदोघींनी करतात, एकटीनं नाही आणि तिघींनीही नाही. चिखल कुठं घट्ट, कुठं पोकळ, ते वरून कळत नाही, म्हणून प्रत्येक जोडीची एक लांब फळी असते. पोकळ जागा आली की फळी टाकायची आणि तिच्यावर पोट टेकून सरकायचं. आणि रीत अशी की फळी एकीच्या घरी ठेवायची, पाटी दुसरीच्या घरी. म्हणजे कुणाच्या मनात आलं तरी एकटीनं जाता येऊ नये.

मला ही रीत रखमाकाकींनी शिकवली. वाडीत त्यांचा शब्द चाले. त्याच वेळी दुसरंही एक शिकवलं त्यांनी. "धुक्यात उतराचा नाय. आणि धुक्यात खाजणातसून हाक इली, तर तोंड दिसल्याशिवाय ओ देव नको. सख्ख्या भयणीची असली तरी."

"का बरं?" मी विचारलं.

"थंय शेवंती आसा," त्या म्हणाल्या आणि पाटीत तिसऱ्या निवडत राहिल्या.

शेवंती ही गुणाताईची पहिली जोडीण. बरोबरीची, शेजारच्या घरातली. पंधरा-सोळाच्या होत्या दोघी तेव्हा खाजणात गेली ती आलीच नाही, एवढंच मला कळलं. धुकं पडलं की ती गुणाताईला हाक मारते, असं बायका सांगायच्या. गुणाताईबरोबर उतरायला म्हणून तर कुणी धजत नव्हतं. मी घाटावरची, मला वाटायचं भित्यापाठी ब्रह्मराक्षस. गुणाताईला मात्र मी कधी त्याबद्दल विचारलं नाही. शेवंतीचं नाव निघालं की ती उठून चुलीतली लाकडं मागंपुढं करायची.

त्या माघात गुणाताई भावाच्या गावाला जत्रेला गेली. जाताना म्हणाली, "वायच कळ काढ. चार दिसांत येतंय." चाराचे आठ झाले. तिच्या मागं मी कुणाशी बोलले ते सांगू? कोंबड्यांशी. बायका पाट्या घेऊन घरावरून जायच्या, मी दारात उभी राहायची, कुणीतरी एक म्हणेल "चल गो" म्हणून. पण जोड्या ठरलेल्या, तिसरी चालत नाही. एका सकाळी पेज वाढताना मामंजींना "मीठ बघा जरा" म्हणायला गेले, तर घशातून आवाजच फुटेना. घसा खाकरून बोलावं लागलं. मला रडूच कोसळलं. मीठ बघा म्हणायला खाकरावं लागतं, म्हणजे काय झालं माझं?

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी पाटी उचलली आणि कुणाला न सांगता खाजणात उतरले. फळी गुणाताईच्या पडवीत होती, ती घेतली नाही. मला तिसऱ्या नको होत्या. घर नको झालं होतं.

उतरले तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. तिवरांच्या पुढे गेले, वाकले, पाटीचा तळ झाकेल इतक्या तिसऱ्या वेचल्या, आणि मान वर केली तर काठ नव्हता. धुकं कधी आलं ते कळलंच नाही. मी काठाच्या अंदाजानं वळले, थोडी चालले, आणि डावा पाय गुडघ्याच्या वर आत गेला. तो काढायला उजव्यावर जोर दिला तर उजवाही गेला. मग जितकी धडपड केली तितकी खाली जात राहिले. चिखल थंडगार होता आणि पायांना नुसता धरून बसला होता. पाटी आडवी धरून तिच्यावर हात टेकले तेव्हा कुठं जाणं थांबलं.

मग माझ्या अगदी जवळून निवटे जायला लागले. ओल्या चिखलात उड्या मारणारे ते छोटे मासे. एक गेला, मग दोन, मग झुंडीनं. सगळे एकाच दिशेनं. रखमाकाकींचं बोलणं आठवलं, निवटे काठाकडे पळायला लागले की समजायचं, भरती लागली.

खाडीची भरती लाट घेऊन येत नाही. चिखलातल्या बारीक बारीक भोकांतून बुडबुडे यायला लागतात, भोकं भरतात, आणि बघता बघता चिखल चकाकायला लागतो. माझ्या मांड्यांभोवती ते बुडबुडे फुटत होते. मी गप्प होते. खरंच सांगते, ओरडायचं सुचलंच नाही. ओरडायची सवयच मोडली होती.

अशात काठावरून बोलणं ऐकू आलं. बायका पाट्या-फळ्या घेऊन आल्या होत्या. धुकं उठायची वाट बघत बसल्या असणार. आणि त्यांच्यात एक हसणं ऐकलं आणि माझ्या अंगात जीव आला. गुणाताई! सकाळच्याच एसटीनं आली असावी, जत्रेतलं काहीतरी सांगत होती. मी होता नव्हता तेवढा जोर काढला. ताई-बाई काही तोंडात आलं नाही. नुसतं "गुणाऽऽ" आलं.

आणि हसणं थांबलं.

वाडीत तिला नुसतं "गुणा" म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणायची ती एकटी शेवंती.

"ती हाक मारता," हे ऐकल्यावर माझ्या लक्षात आलं काय घोटाळा झालाय तो. मी किंचाळले, "मी हाय! मी हाय वोऽ!" भूत तरी दुसरं काय म्हणणार? मग ओरडले, "मी मालनऽ! मालन हायऽ!"

मालन माझं माहेरचं नाव. जीव जायची वेळ आली तेव्हा तेच तोंडात आलं. सुहासिनी आठवलंसुद्धा नाही. आणि काठावरच्या एकीलाही मालन कोण हे ठाऊक नव्हतं. सांगू शकले असते ते मामंजी आणि नवरा; एक घरात, दुसरा कुठल्या समुद्रात होता देव जाणे.

"आणखी कोणतरी आसा तिच्यावांगडा," काठावर कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं. "दुसराच नाव घेता."

"गुणाबायक मागे घेवा," रखमाकाकींचा आवाज. "धरा तिका. जोडीणीक न्हेवक इली ती."

आणि मग त्यांनी डबे वाजवायला सुरुवात केली. तिसऱ्यांसाठी आणलेले पत्र्याचे डबे, दगडांनी बडवायला लागल्या. त्या गजरात माझी हाक मलासुद्धा ऐकू येईना. मध्येच डबे थांबत आणि रखमाकाकी ओरडत, "जा गो बाय, जा! आपल्या वाटेन जा! तुका नारळ देतंव, तांदूळ देतंव, जा!" त्यांच्या आवाजात राग नव्हता. विनवत होत्या त्या. हात जोडलेले असणार, डोळ्यांत पाणी असणार. मी जिवंत बाई पाण्यात उभी होते आणि माणसं मला नारळ कबूल करून जायला सांगत होती.

पाणी पोटाला लागलं, मग छातीला. पाटी तरंगायला लागली आणि तिच्यातल्या तिसऱ्या एकेक करून खाली पडल्या. मी ओरडायची थांबले. एक विचित्र गोष्ट मनात आली, ती अजून आठवली की अंगावर काटा येतो. मला वाटलं, बरोबरच आहे त्यांचं. वर्षभरात मला कुणी नावानं हाक मारली नाही, माझा आवाज कुणी ओळखत नाही. मी मेलेलीच असेन. फक्त मला सांगायचं राहून गेलं असेल.

डबे एकदम थांबले. काठावर आरडाओरडा झाला, "धरा! धरा तिका!" मग पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज, आणि पुन्हा शांत. मग धुक्यातून आवाज यायला लागला. थप्प. सरर्र. थप्प. सरर्र. काहीतरी चिखलावरून सरकत माझ्याकडे येत होतं.

आणि एक हाक आली, घोगरी, फाटलेली. "शेवंतीऽऽ! खंय आसंस गोऽऽ?"

माझे दात कडकड वाजायला लागले. भुताखेतांना हसणारी मी, पण त्या घटकेला माझी खात्री पटली, की शेवंती इथंच आहे. माझ्या मागं, तिवरांत, हाताच्या अंतरावर उभी आहे आणि तिला न्यायला कुणीतरी आलं आहे. मान वळवून बघायची माझी छाती नव्हती. धुक्यात हाक आली तर तोंड दिसल्याशिवाय ओ देऊ नये. काकींची शिकवण आता माझ्याच मानेवर बसली होती.

"शेवंतीऽऽ! ओ दी गोऽऽ!"

थप्प. सरर्र. आवाज उजवीकडे गेला. मग आणखी लांब. मला ओलांडून चालला होता तो. पाणी गळ्याखाली आलं होतं. आणखी थोडं थांबले असते तर ओ द्यायला तोंडच उरलं नसतं.

मी डोळे मिटले आणि मेलेल्या बाईच्या नावाला ओ दिली. "ओऽऽ!"

आवाज थांबला. मग वळला. थप्प, सरर्र, थप्प, सरर्र, आता जोरात. धुक्यातून आधी फळीचं टोक आलं, मग तिच्यावर पोटावर पडलेली गुणाताई. अंगावर जत्रेचं नवं लुगडं, केसांत सुरंगीच्या फुलांचा वळेसर, निम्मं तोंड चिखलानं माखलेलं. तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर आधी जे होतं ते गेलं आणि दुसरंच काही आलं.

"तू?" ती म्हणाली. "तू हय काय करतंस?"

मी हात पुढे केला.

"हात देव नको!" ती एकदम खेकसली. "हात दिलंस तर दोगी जातलंव. फळी धर. पोट टाक वरती. पाय वढू नको, नुसतो हलव. पाणी जावंदे आत."

मी तिचं ऐकलं. फळीवर छाती टाकली, पाय हलवत राहिले, आणि तिनं माझ्या लुगड्याचा काष्टा पकडून ओढलं. चिखलानं आधी एक पाय सोडला, बऱ्याच वेळानं दुसरा. मग एका फळीवर दोघी, पाण्यात पाय मारत, काठ कुठं आहे ते देवावर सोपवून निघालो. काठावर कुणीतरी पुन्हा डबा वाजवायला लागलं होतं. ज्या आवाजानं मी मरायला टेकले होते त्याच आवाजाच्या रोखानं आम्ही काठाला लागलो.

बायका दहा पावलं मागं सरकल्या. एकट्या रखमाकाकी पुढे आल्या, भीत भीत, आणि दोन्ही हातांनी माझं तोंड धरून वर केलं. चिखल पुसला. "घाटावयली!" त्या म्हणाल्या, आणि मटकन खाली बसून स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला लागल्या.

गुणाताईनं कुणाकडे पाहिलं नाही. मला तिच्या घरी नेलं, चुलीपुढे बसवलं, तिचं जुनं लुगडं गुंडाळलं आणि गरम पेज दिली. वाटी तिनंच धरून ठेवली.

"मालन कोण?" तिनं विचारलं.

"मी. माहेरचं नाव माझं."

"मगे माका कधी सांगलंस नाय?"

"कुनी इचारलंच न्हाई."

ती चुलीतली लाकडं मागंपुढं करायला लागली. मला राहवेना. जीव वाचवलेल्या माणसाला असं विचारू नये, पण मला आतून काहीतरी टोचत होतं, आणि खोटं कशाला बोलू, तो मत्सर होता. ती माझ्यासाठी आलीच नव्हती. मरून इतकी वर्षं झालेल्या एका पोरीसाठी आली होती.

"तुमास्नी वाटलं, ती हाय," मी म्हटलं. "शेवंती. तरीबी आलासा? भ्या न्हाई वाटलं?"

"वाटला तर."

तिनं वाटी माझ्या हातात दिली.

"मगे आयक," ती म्हणाली. "ह्या मी कोणाक सांगलंय नाय. शेवंती गेली तेव्हा मी काठार होतंय. असाच धुका होता. ती आमच्या आधी एकटीच उतरलेली, आमका कोणाक खबर नाय. आणि थंयसून हाक येवक लागली. गुणाऽ, गुणाऽ. त्याच्या आदल्या वर्षी एक म्हातारी थंय बुडलेली. सगळ्यांका वाटला, तीच हाक मारता. आयेन माझे कान दाबून धरल्यान. बायकांनी डबे बडयले. माका आवाज वळखाक इलो होतो गो. शेवंतीचो आवाज माका वळखाक येवचो नाय? पण मी भियालंय. ओ दिलंय नाय. धुका उठला तेव्हा पाटी तरंगताना दिसली. ती जिती होती तेव्हाच आमी तिका भूत केलंव."

चुलीत लाकूड तडतडलं. मी दचकले.

"तेच्यानंतर दर धुक्यात बायका म्हणतत, ती माका हाक मारता. माका कधीच ऐकाक इली नाय. मी काठार येवन बसतंय, कान देवन. एकदा हाक इली तर ओ देयन म्हणान. आणि आज इली." तिनं डोळे पुसले, चिखलाचा फराटा गालभर ओढला गेला. "भिवचा काय? भूत झाली तरी माझीच ना ती?"

मी वाटी खाली ठेवली. मघाशी टोचत होतं ते कुठं गेलं तेही कळलं नाही. मी तिच्या मांडीवर डोकं टेकलं आणि वर्षभराचं सगळं रडून घेतलं, मोठ्यानं, अगदी मामंजींच्या घरापर्यंत आवाज जाईल असं. ती माझ्या केसांतला चिखल बोटांनी काढत राहिली.

"रड," ती म्हणाली. "मोठ्यान रड गो मालन. आवाज तरी कळांदे तुझो."

त्या दिवसापासून मी तिला गुणा म्हणायला लागले, आणि तिनं मला मालन. आम्ही पुढे कितीतरी वर्षं एका फळीवर खाजणात उतरलो. नवरा नोकरी सोडून घरी आला, पोरं झाली, ती मोठी होऊन मुंबईला गेली. वाडी मला सुहासमावशी म्हणायला लागली. मालन म्हणणारी मात्र तीच एक राहिली.

गुणाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. खाजणात आता कुणी उतरत नाही, तिसऱ्या बाजारात विकत मिळतात. फळी मी माझ्या पडवीत आणून ठेवली आहे. पाटी तर माझ्याकडेच होती. दोन्ही एकाच घरी ठेवू नयेत हे मला ठाऊक आहे, पण दुसरं घर कुठून आणू?

माघात धुकं पडलं की मी काठावर जाऊन बसते. सून फोनवर म्हणते, "आई, थंडीत कशाला? पाय घसरला म्हणजे?" भीती मलाही वाटते. तिवरांत काही हललं तरी अजून अंगावर शहारा येतो. तरी बसते, कान देऊन. मालन म्हणून हाक आलीच, तर तोंड दिसायची वाट बघायची नाही, एवढं ठरवून ठेवलं आहे.